ब्लाऊज राहू दे, आधी एक पिशवी शिव

या वेळचं पत्र इचलकरंजीहून आलंय. नाव छापू नका म्हणून सांगितलंय, म्हणून नाव नाही, पत्र थोडं कमी करून देते.

“ताई, माझं वय ३६, पतसंस्थेत नोकरी करते. लॉकडाऊनमध्ये सासूबाईंची पायमशीन अडगळीतून बाहेर काढली, तेलपाणी केलं आणि यूट्यूब बघून शिवायला लागले. उशांचे अभ्रे झाले, पडदे झाले, सगळे छान म्हणाले. मग हौसेने ऑनलाइन महागाचं कापड मागवलं आणि स्वतःसाठी ब्लाऊज शिवला, तो पार बिघडला. हात वर केला की अख्खा ब्लाऊज वर येतो. मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई, घट्ट असेल म्हणून अजून खोल कापला तर आणखीच वाईट झालं. तेव्हापासून मशीनवर चादर टाकलीय. आता मुलगी दुसरीत आहे, तिला ३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाई व्हायचंय आणि हट्ट धरून बसलीय की आई तूच शिव. मिस्टर म्हणतात भाड्याने मिळतं की, कशाला डोक्याला ताप. जाऊबाई म्हणतात एवढी हौस आहे तर ऑर्डरी घे, चार पैसे तरी येतील, नुसता टाइमपास काय कामाचा. आणि एक, माझ्या आज्जीच्या दोन इरकली साड्या आईने मला दिल्यात, त्यातल्या एकीचा मला लाँग ड्रेस शिवायचाय, पण कात्री लावायला हात धजत नाही. हे सगळं करावं की सोडून द्यावं?”

अगं सोडून अजिबात द्यायचं नाही. तुझा हात ठीक आहे, तू फक्त क्रम चुकवलास. अभ्रे आणि पडदे म्हणजे सरळ टिपा, आणि त्यानंतर एकदम ब्लाऊज? आपण जे जे कपडे घालतो ना त्यात ब्लाऊज सगळ्यात अवघड. कुर्ता इंचभर इकडेतिकडे झाला तरी अंगावर बसतो, पायजम्याला नाडी असते ती सगळं सांभाळून घेते, गाऊनचं तर विचारूच नको. ब्लाऊज अंगाला चिकटून बसणार, त्यामुळे पाव इंचाने टक्स, म्हणजे छातीला आकार द्यायला घेतलेली टोकदार चूण, सरकला की पुढे चोच निघते, गळा अर्धा इंच जास्त कापला की खांदा उतरतो, शिवाय आत अस्तर, पुढे हुकपट्टी, बाहीला काठ जुळवायचे. शिवणक्लासमध्ये सुद्धा झबलं, परकर, फ्रॉक असं सगळं हातावरून गेल्यावर मग ब्लाऊजला घेतात. यूट्यूबवर मात्र दहा मिनिटात ब्लाऊज असा व्हिडिओ पहिलाच समोर येतो आणि त्यातली बाई कित्येक वर्षं शिवणारी असते, तिची कात्री आपोआप वळते, ते वळण व्हिडिओत दिसत नाही.

आता तुझा ब्लाऊज वर का उचलला जातो ते सांगते, कारण हे जिथेतिथे उलटं समजलं जातं. हात वर करताना कापड ओढलं जातं म्हणून आपल्याला वाटतं मुंढा लहान झालाय, अजून कापूया. पण मुंढा जितका खाली नेशील तितकी बाहीची काखेतली शिवण खाली जाते, आणि मग हात उचलला की बाही आपल्याबरोबर सगळी बगलेची बाजू घेऊन वर येते. मुंढा काखेच्या जवळ, वर असेल तर हात मोकळा फिरतो आणि ब्लाऊज जागेवर राहतो. नीट बसणारा कुठलाही टेलरचा ब्लाऊज घालून आरशात बघ, मुंढा काखेला जवळजवळ टेकलेला असतो. घट्ट वाटत असेल तर बघायचं असतं ते दंडाचा घेर, बाहीची वरची गोलाई आणि पाठीची रुंदी. आणि अजून एक शक्यता आहे, दोन्ही बाह्या उलटसुलट लागल्या असतील. बाहीची पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त खोल कापलेली असते, डावी बाही उजवीकडे गेली की काखेत तिरक्या चुण्या पडतात आणि हात पुढे घेताना आवळतं. म्हणून कापतानाच बाहीच्या पुढच्या बाजूला मार्जिनमध्ये कात्रीची बारीक चीर द्यायची, अंगाच्या पुढच्या मुंढ्यालाही तशीच, म्हणजे जोडताना चीर चिरेला लागली की झालं.

तो बिघडलेला ब्लाऊज टाकला नसशील तर ठेव, पण सध्या दुरुस्तीला घेऊ नकोस, खोल गेलेला मुंढा वर येत नाही, तुकडा जोडावा लागतो आणि तो दिसतो. पुढे कधीतरी ब्लाऊज शिकायचाच झाला तर अंगाला चांगला बसणारा, पण जुना झालेला एखादा ब्लाऊज घे आणि उसव. सगळ्या टिपा अलगद काढ, तुकड्यांना इस्त्री कर, ब्राऊन पेपरवर ठेवून छाप. टेलरने तुझ्या अंगावर घेतलेलं माप त्या कागदावर उतरतं. वहीतली सूत्रं छातीच्या मापावरून मुंढा काढायला सांगतात, पण छाती ३६ असलेल्या दोन बायकांचे खांदे सारखे असतात का? नसतात, म्हणून सूत्राने कापलेलं एकीला बसतं आणि दुसरीला नाही. आणि पहिला ब्लाऊज मांजरपाटाचा शिवायचा. मांजरपाट म्हणजे साधं स्वस्त सुती कापड, आणि तुझ्या गावात राहून तू ऑनलाइन महागाचं कापड मागवलंस याचं मला खरंच वाईट वाटलं. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग लावला, तेव्हापासून तुमच्या गल्ल्यांमधून खडखडाट चालू आहे. पॉपलीन म्हण, मलमल म्हण, कॅम्ब्रिक म्हण, सुती कापडाला तुला गावाबाहेर जायची गरज नाही, कटपीसच्या दुकानात हात लावून, ताणून, उजेडात धरून घेता येतं. कापड महाग असलं की कात्री घाबरत चालते आणि घाबरत चाललेली कात्री वाकडी जाते. शिकायचं कापड स्वस्त पाहिजे, बिघडलं तर पायपुसणं झालं असं म्हणता आलं पाहिजे.

मशीनचं एक बघून घे. तू लिहिलं नाहीस पण पायमशीन बरीच वर्षं पडून असली की ही तक्रार असतेच, खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. सगळे खालच्या दोऱ्याच्या बॉबिनच्या मागे लागतात, डबी काढतात, स्क्रू पिळतात. खालच्या बाजूला गुंता दिसला तर बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो, तो दोऱ्याला ताण देणाऱ्या, टेन्शनच्या चकत्यांच्या मधे नीट बसलेला नसतो. कापड दाबणारा फूट वर उचलून दोरा ओवायचा, फूट वर असताना चकत्या मोकळ्या असतात, मग दोरा आत बसतो. खालच्या दात्यांमधला कचरा जुन्या ब्रशने काढ, मशीनचंच तेल घाल, खोबरेल अजिबात नको, ते चिकट होऊन बसतं. सुई बदल. सुईचं टोक बोथट झालेलं डोळ्याला दिसत नाही, पण कापडात शिरताना टक टक आवाज येतो आणि टाके सुटतात. पॉपलीनसाठी १४ नंबर, पातळ सिल्कसाठी ११, जाड कापड किंवा चार पदर असतील तर १६. चाकावरून फिरणारी वादी सैल झाली असेल तर पाय मारूनही चाक घसरतं, ती थोडी कापून परत जोडायची. आणि हे सगळं सासूबाईंना शेजारी बसवून कर ना. मशीन त्यांची आहे, त्यांनी त्यावर काय काय शिवलं असेल, सुई कुठल्या बाजूने बसते, चाक कुठल्या बाजूला फिरवलं की दोरा तुटतो, हे त्यांच्या हाताला माहीत आहे. विचारलं की सासूला बरं वाटतं हे तर आहेच, पण मी ते त्यासाठी म्हणत नाहीये, त्या मशीनचं ज्ञान घरात दुसऱ्या कुणाकडे नाही म्हणून म्हणतेय.

आता ३ जानेवारी. भाड्याने आणण्यात काही वाईट नाही, मिस्टरांचं चुकत नाही आणि कदाचित तेच स्वस्त पडेल. पण भाड्याच्या दुकानात मिळते ती बहुतेक चकचकीत सॅटिनची नऊवारी, सगळ्या मापाच्या मुलींना पिना लावून बसवलेली, आणि ती सावित्रीबाईंना शोभत नाही. मुलगी स्वतःहून म्हणतेय ना आई तू शिव, मग शिव. नाटकाचा किंवा स्टेजचा पोशाख शिकायला फार चांगला असतो कारण तो लांबून बघायचा असतो, टीप थोडी वाकडी गेली तर प्रेक्षकांना दिसत नाही, आणि मूल लहान असल्यामुळे टक्स-बिक्सची भानगड नाही. पण दोन गोष्टी मात्र पक्क्या जमल्या पाहिजेत, मुलीला टोचता कामा नये आणि तिला स्वतःचं स्वतः बाथरूमला जाता आलं पाहिजे. बाकी सगळं मागे.

सुरुवात पिशवीपासून कर. हो, पिशवीच. सावित्रीबाई झालेल्या सगळ्या मुलींच्या हातात पाटी आणि पुस्तक असतं. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि त्या शिकवायला जायच्या तेव्हा रस्त्यात लोक शेण-चिखल मारायचे, म्हणून त्या बरोबर दुसरं लुगडं न्यायच्या, शाळेत पोचल्यावर बदलायच्या. ते दुसरं लुगडं तुझ्या मुलीच्या हातात दे. जुन्या जाड सुती कापडाची पिशवी आणि आत घडी घातलेला काठाचा तुकडा. बाई विचारतील हे काय गं, आणि ती सांगेल. तिला पाठ केलेल्या चार ओळींपेक्षा ते जास्त लक्षात राहील, बघणाऱ्यांनाही. आणि तुझ्यासाठी सांगायचं तर पिशवी म्हणजे दोन सरळ टिपा, वरची दुमड आणि दोन बंद. चादर काढून मशीनवर परत बसायला याहून बरं काम नाही. बंद जोडताना चौकोन करून त्यात फुली मारायची टीप घाल, दप्तराच्या पट्ट्याला असते तशी, म्हणजे ओढलं तरी निघत नाही.

पिशवी झाली की लुगडं. शिवलेल्या नऊवारीला लोक उगाच घाबरतात, तिचं मूळ म्हणजे एक सैल पायजमा. मुलीचा ढगळ बसणारा सुती पायजमा घे, मधोमध घडी घालून जुन्या पेपरवर ठेव, कडेने दीड इंच जास्त सोडून छाप, बसायला खाली-वर जागा लागते म्हणून बैठकीला अजून दोन इंच दे. कापड म्हणून एखादी जुनी सुती साडी घे, बारीक काठाची, रंग गडद असला तरी चालेल पण चमक नको. साडीचा काठ पायाच्या खालच्या कडेला येईल असं कापड ठेवून काप, म्हणजे खाली दुमड घालायची गरजच नाही. नेफ्यात नाडी नको, रुंद इलॅस्टिक घाल, नाडीची गाठ ऐन वेळी बसते आणि मूल रडकुंडीला येतं. पुढच्या निऱ्या वेगळ्या तुकड्याच्या कर, काठ खाली ठेवून निऱ्या घाल, वरून दोन आडव्या टिपा मार आणि तो तयार तुकडा नेफ्याच्या पुढे मधोमध बसव. मागे काष्टा तसाच, लांब पट्टा घे, चुण्या घालून वरचं टोक नेफ्यात मागे मधोमध दाबून टीप मार, खालचं टोक दोन पायांच्या मधल्या शिवणीत घे. पदराचा तुकडा उजव्या कमरेपासून निघून छातीवरून डाव्या खांद्यावर जातो आणि तिथून डोक्यावर. सेफ्टी पिन एकही नको, खांद्यावर दोन टिचबटणं लाव, डोक्यावरचा पदर केसांच्या क्लिपने बसव, आणि क्लिप पदराला आतून टाके घालून पक्की करून टाक म्हणजे ती हरवत नाही.

चोळीला मुंढाच ठेवू नकोस. बाही आणि अंग अखंड कापता येतं, कापडाची चौघडी घालून इंग्रजी टी अक्षरासारखा आकार, बाहीची खालची आणि बगलेची शिवण एकाच टिपेत. फक्त काखेत कापड ओढू नये म्हणून तिथे अडीच-तीन इंचाचा छोटा चौकोनी तुकडा तिरका बसवायचा. तो चौकोन बसवणं हेच या सगळ्यातलं खरं अवघड काम, चारही कोपरे आधी हाताने कच्च्या धाग्याने घे, अंगावर घालून बघ, हात वर करायला लाव, मगच मशीनवर टीप मार. हे जमलं ना की मुंढा म्हणजे काय, हात हलायला कापडाला कुठे जागा लागते, हे तुला कुठल्याही व्हिडिओपेक्षा चांगलं कळेल. गळा मागून उघडा ठेव आणि टिचबटणं लाव, लहान मुलांचं डोकं मोठं असतं, गळ्यातून कपडा ओढताना कुंकू फिसकटतं.

कापड कापायला घेण्याआधी भिजव. साडी जुनी असेल तर तिचं जे आटायचं ते आटून झालंय, पण चोळीचं नवीन पॉपलीन आणि अस्तर रात्रभर पाण्यात ठेव, वाळव, इस्त्री कर, मग काप. अस्तर न भिजवता लावलं की पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड फुगून बसतं, टेलर अस्तर आधी भिजवून आणायला सांगतात ते यासाठीच. आणि कापड सुती आहे की सुतीसारखं दिसणारं पॉलिस्टर हे कळत नसेल तर कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून पेटवून बघ. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि बोटाने चुरडली की मऊ राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी बनतो. हे मी मुद्दाम सांगतेय कारण त्या दिवशी शाळेत फोटोसमोर समई लागते, मुलींना ओळीने पाया पडायला नेतात आणि पदर लोंबत असतो. वितळणारं कापड अंगाला चिकटतं. मुलांच्या पोशाखाला सुतीच, यात मी तडजोड करणार नाही.

आणि प्रत्येक टीप मारली की लगेच इस्त्री. शेवटी एकदम करू म्हणू नकोस, शिवण दाबून उघडली नाही तर पुढची शिवण तिच्यावर जाड बसते आणि सगळा कपडा घरी केल्यासारखा दिसतो.

इरकलीबद्दल तू सगळ्यात शेवटी लिहिलंस, पण मला वाटतं पत्र तू त्यासाठीच लिहिलंस. दोन आहेत म्हणतेस ना, तर दोन्ही दिवसाउजेडी खिडकीत धर आणि घड्यांच्या जागा बघ. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं रेशीम त्या रेषेवर चिरतं, उजेडात बारीक बारीक फटी दिसतात. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी कापड हलकेच ताणून बघ, चर्र आवाज आला तर ते कापड ड्रेसचा ताण घेणार नाही. जी इरकल धडधाकट आहे ती कापू नकोस, ती साडी म्हणूनच नेस. जी कुठेतरी फाटलीय, डाग पडलाय, नेसताच येणार नाही, तिचा ड्रेस कर, तिला कात्री लावल्याने तिचं काही जाणार नाही, उलट ती कपाटातून बाहेर येईल. आईलाही आधी सांग. तिच्या आईचं लुगडं आहे, तिला अचानक ड्रेस दिसला तर चर्र होईल, आधी सांगितलं तर कदाचित काठ कुठे घ्यायचा ते तीच सुचवेल.

ड्रेस कुठला करायचा तर चुण्यांचा. तुला बहुतेक अंब्रेला घेर आवडत असेल, सगळ्यांनाच आवडतो, आणि तो काढायला सोपाही आहे, कंबरेच्या मापाला ६.२८ ने भागायचं की मधल्या गोलाची त्रिज्या मिळते. मुलीची कंबर २२ असेल तर साडेतीन इंच. ४४ इंची पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडाची चौघडी घातली की कोपऱ्यापासून २२ इंच मिळतात, त्यातून साडेतीन गेले, साडेअठरा इंच उंचीचा गोल स्कर्ट निघाला, दुमड सोडून अठरा धर. उन्हाळ्यात तिला एक करून बघ, फक्त खालची दुमड घालायच्या आधी स्कर्ट रात्रभर हँगरला लटकवून ठेव, तिरकं कापड आपल्या वजनाने खाली उतरतं, सकाळी खालची कड वरखाली दिसेल, ती सारखी करून मग दुमड. पण इरकलीला हे चालत नाही. काठ सरळ विणलेला असतो, तो गोल फिरत नाही, अंब्रेला कापलास तर काठ फुकट जाईल नाहीतर तुकडे करून जोडावा लागेल आणि ते डोळ्याला खुपतं. त्यापेक्षा काठ खाली सरळ ठेव, वरून उंची काप आणि चुण्या घाल. तुझी कंबर ३२ धरली आणि अडीच पट चुण्या घेतल्या तरी ८० इंच लागतात, म्हणजे दोन मीटरच्या आसपास, वरच्या भागाला आणि बाह्यांना अजून मीटर-दीड मीटर. म्हणजे अख्खी साडी लागतच नाही! पदर पूर्णच्या पूर्ण वाचतो. इरकलीचा लाल पदर वेगळा असतो तुला माहीतच आहे, हातमागाच्या जुन्या इरकलीत पदराचे उभे धागे आणि साडीच्या अंगाचे उभे धागे वेगवेगळे असतात आणि विणकराने ते एकेक फास घालून एकमेकांत अडकवलेले असतात. तो सांधा शोध, उलट्या बाजूने हात फिरवलास तर बोटाला लागतो. तिथून कात्री नेऊ नकोस आणि तो सांधा ताण येईल अशा जागी घेऊ नकोस. पदर सांध्यासकट ठेव, चार बोटं अंगाचं कापड पुढे सोडून काप, कडेला दुमड घातली की त्याच ड्रेसवरची ओढणी झाली.

धुवायच्या आधी पांढरा रुमाल ओला करून काठावर आणि पदरावर घासून बघ. लाल रंग रुमालाला लागला तर ड्रेस आयुष्यभर वेगळा आणि थंड पाण्यात धुवायचा, आणि पांढरं अस्तर लावायचं नाही. अस्तर मात्र लावच, जुन्या कापडाला ते धरून ठेवतं, शिवणीचा ताण अस्तरावर येतो. आणि हो, हा ड्रेस आधी मांजरपाटाचा पूर्ण शिवून, घालून, बसून, वाकून बघायचा. तो बसला तरच इरकलीला कात्री. हात धजत नाही म्हणतेस ते बरोबरच आहे, अजून धजायला नको. जानेवारीचं लुगडं होऊ दे, गोल स्कर्ट होऊ दे, मग उन्हाळ्यात बघ.

राहिल्या जाऊबाई. त्या वाईट बोलत नाहीत, बायकांच्या हातातल्या कलेतून चार पैसे यावेत हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलंय आणि कित्येक घरं मशीनवर उभी राहिलीत, त्या बायकांबद्दल मला फार आदर आहे. पण तुला नोकरी आहे. कुणी रविवारी क्रिकेट खेळायला जातं, कुणी भिशीला जातं, कुणी ट्रेकला जातं, त्यांना कुणी विचारत नाही की यातून मिळकत किती. शिवण दिसायला कामासारखं दिसतं म्हणून फक्त तिच्यावर हिशोब लागतो. ऑर्डर घेतलीस की दुसऱ्याचं माप, दुसऱ्याची आवड, दिवाळीच्या आदल्या रात्री फोन, आणि शेजारणीचा ब्लाऊज अर्धा इंच सैल झाला तर ती जिन्यात भेटल्यावर तोंड फिरवणार. हे सगळं टेलर रोज सोसतात आणि त्याची शिलाई घेतात, तो त्यांचा धंदा आहे आणि त्यांना त्यात घासाघीस केलेली मला आवडत नाही. तू संध्याकाळी दमून येऊन मशीनवर बसतेस ते डोकं शांत व्हावं म्हणून. तू तसं लिहिलं नाहीस, पण सहा महिने, वर्ष मशीनवर चादर टाकूनही जिची आठवण जात नाही तिला हे सांगायला लागत नाही.

तर सरळ सांगायचं, मी घरच्यांपुरतंच शिवते. कारण देत बसू नकोस, कारण दिलं की त्यावर तोडगा निघतो, वेळ नाही म्हणालीस तर सावकाश दे म्हणतील, येत नाही म्हणालीस तर आमच्यावर शिक म्हणतील. फुकट पिको-फॉल करून दे म्हणणारेही येतील, त्यांनाही हेच. स्वतःहून कुणाला काही द्यावंसं वाटलं तर दे, कुणाकडे बाळ होणार असेल तर जुन्या मऊ धोतराचं झबलं आणि टोपडं शिव, एका संध्याकाळचं काम आहे, बटणाऐवजी बंद लाव आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेव म्हणजे बाळाच्या अंगाला लागत नाही. पण ते तू ठरवायचंस, मागणाऱ्याने नाही.

खर्चाचंही एक ठरवून टाक, नाहीतर घरात त्यावरून वाद होतात. महिन्याला जी काय रक्कम परवडते ती बाजूला काढ, कापड, दोरे, सुया, सगळं त्यातच. पैसे वाचवायला शिवतेय असं मात्र घरी सांगू नकोस, कारण कधी वाचतात आणि कधी नाही वाचत, आणि एकदा तो दावा केला की दर वेळी मिस्टर बाजारातला भाव दाखवणार. एका गोष्टीला मात्र हात आखडू नकोस, कात्री चांगली घे आणि ती कागदाला, दुधाच्या पिशवीला कुणाला लावू देऊ नकोस, तिच्यावर चिठ्ठी चिकटवून ठेव.

आणि मधल्या काळात लग्नाकार्याला ब्लाऊज लागला तर खुशाल टेलरकडे टाक. आणायला जाशील तेव्हा दुकानात गर्दी नसेल अशी वेळ बघ आणि मुंढा किती ठेवलात, बाहीची गोलाई कशी काढलीत असं विचार. शिकतेय म्हटलं की बरेच जण हौसेने कापड पसरून दाखवतात, तेव्हा वही आणि टेप पर्समध्ये असू दे.